संस्थेतल्या मावशींचा पगार नेमका कोण ठरवतं?

डिसेंबरात नागपूरच्या विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघू लागतात. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ पोलिस मोर्चा अडवतात, सीताबर्डीत वाहनं खोळंबतात. बहुतेक नागपूरकरांपर्यंत एवढीच बातमी पोचते की आजही रस्ता बंद आहे. त्या गर्दीत दरवर्षी काही चेहरे असतात, ज्यांची मागणी पटकन कळत नाही. अनुदानित वसतिगृहातले स्वयंपाकी, बालगृहातल्या काळजीवाहक, मदतनीस, अधीक्षक. हातात फलक असतात: मानधन नको, वेतन द्या.

ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. ही माणसं तर खासगी संस्थांची. नेमणूकपत्रावर सही संस्थेच्या अध्यक्षांची, हजेरीपट संस्थेचा. मग पगार मागायला सरकारच्या दारात का? याचं उत्तर समजायला थोडं मुळापासून जावं लागेल.

काम सरकारचं, हात संस्थेचे

अनाथ किंवा घरातून बाहेर पडलेल्या मुलाची काळजी घेणं ही कायद्याने राज्याची जबाबदारी आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की राज्य सरकारने बालगृहं स्वतः चालवावीत किंवा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवावीत. त्यातला ‘किंवा’नंतरचा मार्ग आपल्याकडे फार वापरला जातो. दिव्यांग मुलांच्या शाळा, मागासवर्गीय विद्यार्थ्यांची वसतिगृहं, आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा यांतला मोठा भाग नोंदणीकृत संस्था चालवतात. सरकार त्यांना पैसे देतं. या पैशाला अनुदान म्हणतात: ठरावीक कामासाठी, ठरावीक अटींवर दिलेली, परत न करायची पण हिशेब द्यावा लागणारी रक्कम.

ही पद्धत जुनी आहे. इंग्रजांनी १८५४ च्या वुडच्या खलित्यात खासगी शाळांना सरकारी मदत देण्याचं धोरण मांडलं, तिथपासून ती चालत आली. विदर्भाला तर संस्थांचा मोठा वारसा आहे. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं. जिथे सरकार पोचलं नव्हतं तिथे माणसं आधी पोचली. नंतर सरकारनेही ओळखलं की अशा संस्थांना सोबत घेतलं तर काम लवकर आणि आपुलकीने होतं. यात गैर काहीच नाही. अडचण सुरू होते ती पैसे कोणत्या पद्धतीने मोजले जातात तिथे.

अनुदान तीन तऱ्हेचं

पहिली तऱ्हा वेतन अनुदानाची. शंभर टक्के अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार वेतनश्रेणीप्रमाणे देतं. तो ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतून थेट त्याच्या खात्यात जातो. नोकरी संस्थेची असली तरी महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम, १९७७ त्याच्या पाठीशी उभा आहे. महागाई भत्ता वाढला की त्याचाही वाढतो.

दुसरी तऱ्हा मानधनाची. शासन निर्णयात पद लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एक ठोक आकडा. वेतनश्रेणी नाही, वार्षिक वाढ नाही, महागाई भत्ता नाही. पुढचा शासन निर्णय निघेपर्यंत आकडा तोच. समाजकल्याणच्या अनुदानित वसतिगृहातले अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार या गटात येतात.

तिसरी तऱ्हा दरडोई अनुदानाची. एका मुलामागे महिन्याला अमुक रुपये. जेवण, कपडे, साबण, वह्या, औषधं हे सगळं त्यातच. मानधनाची वेगळी तरतूद नसेल किंवा अपुरी असेल, तर माणसांचा पगारही शेवटी यातूनच काढावा लागतो.

एकाच आवारात शाळा आणि वसतिगृह शेजारी असू शकतात. शाळेतल्या शिपायाला वेतनश्रेणी, वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीला मानधन. दोघांची संस्था एक, दोघांच्या मागे उभं असलेलं सरकारही एक. फरक आहे तो कोणत्या खात्याच्या कोणत्या निर्णयात कोणाचं पद कसं लिहिलं गेलं, एवढाच.

दरडोई हिशेब माणसांना का पुरत नाही

एखादी खानावळ चालवायला घ्या आणि गिऱ्हाईक म्हणालं, मी ताटामागे पैसे देईन, तर धान्याचा हिशेब जुळतो. वीस ताटं असली की जास्त पीठ, बारा असली की कमी. पण पोळ्या लाटणारी बाई बारा ताटांसाठी अर्धी येत नाही. चूल पेटवायची ती पेटवावीच लागते. शिवाय हे गिऱ्हाईक ताटाचा भावही स्वतःच ठरवतं, दुसऱ्या कुणाला ताट विकू देत नाही, आणि भाव किती वर्षांनी वाढवायचा तेही तेच ठरवतं.

संस्थेची स्थिती नेमकी अशी आहे. बालगृहात मंजूर संख्या पन्नास आणि प्रत्यक्षात मुलं बत्तीस असली तरी रात्री जागणारा माणूस लागतोच. मुलांची संख्या कमी होणं ही खरं तर चांगली बातमी. एखादं मूल घरी परतलं, एखाद्याला पालक मिळाले. पण दरडोई पद्धतीत त्याच चांगल्या बातमीने मावशींच्या पगाराला कात्री लागते. ज्या योजनेत मूल घरी गेल्यावर संस्था अडचणीत येते, त्या योजनेची मांडणीच चुकलेली आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता खरे आकडे

केंद्राची बालसंरक्षणाची योजना ‘मिशन वात्सल्य’ या नावाने चालते. खर्च साधारणपणे केंद्र साठ टक्के आणि राज्य चाळीस टक्के असा वाटला जातो. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत संस्थेत राहणाऱ्या मुलामागे महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत. म्हणजे दिवसाला शंभर. पदांचे मोबदलेही त्यात आहेत. अधीक्षकाला ३३,१०० रुपये, समुपदेशकाला २३,१७०, काळजीवाहकाला १४,५६४, स्वयंपाक्याला ९,९३०, आणि मदतनीस तथा रात्रपहारेकऱ्याला ७,९४४. ही योजना इतरांपेक्षा बरी म्हणायची, कारण इथे निदान माणसांचा हिशेब जेवणाच्या हिशेबापासून वेगळा केला आहे.

पण शेवटच्या आकड्यापाशी थांबा. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरले तर ७,९४४ रुपये म्हणजे दिवसाला साधारण ३०५. महाराष्ट्रात रोजगार हमीवर मातीकाम करणाऱ्या मजुराचा २०२५-२६ चा दर आहे ३१२ रुपये. रोजगार हमीचा दर फार उदार आहे असं कोणी म्हणत नाही. तरीही तो रात्रभर मुलांची राखण करणाऱ्या माणसाच्या रोजापेक्षा वर आहे. आणि चोवीस तास चालणाऱ्या घरात सव्वीसच दिवस काम असतं असंही नाही. दिवाळीला सगळं शहर घरी असतं तेव्हा या मुलांना जेवायला वाढणारं कोणीतरी तिथे लागतंच.

त्यातच भविष्य निर्वाह निधीचा भाग येतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो, आणि मालकाला पगाराच्या साधारण तेरा टक्के रक्कम वेगळी भरावी लागते. ७,९४४ वर ती होते सुमारे १,०३३ रुपये. मालक कागदावर संस्था आहे. योजनेत या हिश्शाची वेगळी तरतूद नसेल तर संस्थेने तो आणायचा कुठून? मग मार्ग उरतात ते सगळे वाईट. कर्मचाऱ्यांची संख्या कागदावर वीसच्या आत ठेवायची, मावशींच्याच पैशातून दोन्ही हिस्से कापायचे, नाहीतर काहीच भरायचं नाही. प्रामाणिक संस्थाचालकाची झोप इथे उडते. अप्रामाणिक माणूस मात्र यातच आपली सोय पाहतो.

पैसे उशिरा का येतात

अनुदान बहुतेक वेळा हप्त्यांनी सुटतं. पुढचा हप्ता मिळण्याआधी मागच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणजे पैसे ज्या कामासाठी दिले त्याच कामावर खर्च झाले असा सनदी लेखापालाच्या तपासणीसह दिलेला दाखला. संस्थेची तपासणी होते, मुलांची हजेरी पडताळली जाते. मग फाइल जिल्ह्याच्या कार्यालयातून आयुक्तालयात जाते. समाजकल्याण, महिला व बालविकास आणि दिव्यांग कल्याण यांची आयुक्तालयं पुण्यात, आदिवासी विकासाचं नाशिकला, आणि अंतिम निर्णय मुंबईत मंत्रालयात. नागपूरच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचा पगार इतका फिरून येतो. वाटेत एका टेबलावर एक शेरा पडला की महिने जातात.

मधल्या काळात किराणा दुकानदाराची उधारी थांबवता येत नाही, विजेचं बिल थांबवता येत नाही. थांबवता येतो तो फक्त पगार. म्हणून वर्षाच्या कोणत्याही टप्प्यावर पैशाची ओढाताण झाली की ती सरळ सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर येऊन पडते.

मोर्चे डिसेंबरातच का निघतात, याचंही एक कारण या पैशाच्या वाटेत आहे. मुख्य अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे वर्षाच्या मध्येच कमी पडलेल्या किंवा नव्याने लागणाऱ्या पैशाला विधिमंडळाची मंजुरी. चालू वर्षात आपल्या शीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या आपल्या खर्चाच्या नोंदीखाली, काही पडायचं असेल तर इथेच आवाज पोचवावा लागतो, हे मोर्चेकऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

“समाजसेवाच आहे ना, मग पगाराचं काय?”

हा प्रश्न फार चांगली माणसंही विचारतात. ज्यांनी संस्था काढली त्यांनी आयुष्य वाहून घेतलं असेल. त्यांच्यापुढे मी मान तुकवतो. पण पहाटे पाच वाजता साठ जणांच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईने असं काही व्रत घेतलेलं नाही. तिने नोकरी धरली आहे. तिला घरभाडं आहे, मुलीची फी आहे. दुसऱ्याने घेतलेल्या व्रताचा खर्च तिच्या पगारातून वळता करायचा अधिकार कोणालाच नाही. या कामांत बायकाच जास्त आहेत, आणि रांधणं, भरवणं, आजाऱ्याचं अंग पुसणं ही कामं घरात फुकट होतात म्हणून बाहेरही त्यांची किंमत कमी धरली जाते. मानधनाचे आकडे इतके खाली राहण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

“संस्थेने देणग्या गोळा करून द्यावेत”

देणगी मिळते, पण पगारासाठी क्वचित. वाढदिवसाला मुलांना जेवण घालायला, वर्गाला पंखे द्यायला, दिवाळीला फराळ द्यायला लोक आनंदाने येतात. ‘या वर्षीचा रात्रपहारेकऱ्याचा पगार मी देतो’ म्हणणारा दाता फारच विरळा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती खरं तर कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेतल्या माणसांच्या पगारावर नाही. तरीही अनेक ठिकाणी ती संस्थेलाच लावली जाते. संस्थांनी हा नियम छापून जवळ ठेवावा आणि बोलणी करताना समोर मांडावा.

शिवाय या घरांतल्या मुलांकडून फी घेता येत नाही आणि घेऊही नये. म्हणजे उत्पन्नाचा मोठा भाग सरकारचा, आणि त्याचा दरही सरकारचाच. खर्च भागला नाही की मात्र तो संस्थेचा अंतर्गत प्रश्न ठरतो.

“संस्थाचालकच पैसे खातात”

खातात, काही जण. ते झाकण्यात अर्थ नाही. नागपूर विभागातला शालार्थ आयडीचा घोटाळा २०२५ मध्ये उघड झाला. बनावट ओळखक्रमांक तयार करून न झालेल्या नेमणुकांवर सरकारी पगार उचलल्याचे आरोप झाले, अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं. नेमणुकीसाठी पैसे घेणं, खात्यात आलेल्या पगारातला भाग रोख परत मागणं, या गोष्टी या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहेत.

पण यात लुबाडला कोण गेला ते पाहायला हवं. सरकार तर गेलंच, आणि त्यासोबत गेला तो प्रामाणिकपणे राबणारा कर्मचारी. म्हणून चोरी होते म्हणून पगार कमी ठेवा, हा निष्कर्ष निघत नाही. तपासाची साधनं कायद्यात आधीच आहेत. वर्षाला किमान २५ लाखांचं अनुदान असेल आणि ते संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर १९७१ च्या कायद्याने महालेखापरीक्षक तिचे हिशेब तपासू शकतात. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात सांगितलं. मोबदला थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात आणि मंजूर पदांची नावनिशीवार यादी जाहीर, एवढं केलं तरी बराच चोरटा मार्ग बंद होतो.

कायदा या माणसांच्या बाजूने आहे का?

थोडा आहे. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहराने हे आवर्जून लक्षात ठेवावं की किमान वेतनाचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून मांडलं. कायदा १९४८ मध्ये झाला. पुढे १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, मग ते काम सरकारने मदत म्हणून काढलेलं का असेना. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला; त्यांना मिळतं ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा बचाव तिथे टिकला नाही.

पण अडसरही आहेत. १९४८ चा कायदा अनुसूचीत नाव असलेल्या रोजगारांनाच लागू होता. नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि किमान वेतनाचं छत्र तिने रुंद केलं. त्याच दिवशी औद्योगिक संबंध संहिताही आली. तिच्यात मात्र ‘उद्योग’ या व्याख्येतून धर्मादाय आणि सामाजिक सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेल्या निकालामुळे अशा अनेक संस्था ‘उद्योगा’त धरल्या जात होत्या. आता कामावरून काढलं तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट या कर्मचाऱ्यांसाठी अरुंद होते. समान कामाला समान वेतनाचा २०१६ चा प्रसिद्ध निकाल सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना उपयोगी पडतो. पण ही माणसं कागदावर संस्थेची, त्यामुळे त्याचा आधार त्यांना सरळ घेता येत नाही. दाम सरकारचा आणि नाव संस्थेचं, या मांडणीने त्यांचे हक्क दोन्हीकडून निसटतात.

दुसऱ्या देशात हा गुंता कसा सोडवला

ऑस्ट्रेलियात सामाजिक सेवेच्या संस्थांतले कर्मचारी हेच म्हणत होते. २०११ मध्ये तिथल्या वेतन न्यायाधिकरणाने मान्य केलं की हे काम मुख्यतः बायका करतात आणि त्यामुळे ते कमी लेखलं गेलं आहे. २०१२ मध्ये पदांनुसार १९ ते ४१ टक्के वाढ देण्याचा आदेश निघाला, आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने. आपल्याला घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. वाढीचा बोजा संस्थांवर टाकून सरकार बाजूला झालं नाही. केंद्र सरकारने त्याच वर्षी कायदा करून आपल्या वाट्याचा वेगळा निधी ठेवला. वेतनाचा आदेश आणि त्यासाठीचे पैसे एकत्र आले, म्हणून तो आदेश कागदावर राहिला नाही.

“पण पैसा कुठे आहे?”

हिशेब करून पाहू. समजा पन्नास मुलांच्या घरात ७,९४४ रुपयांवर काम करणारी तीन माणसं आहेत आणि त्यांना १५,००० द्यायचे ठरले. दरमहा जादा लागतात २१,१६८ रुपये. एका मुलामागे महिन्याला ४२३, म्हणजे दिवसाला साधारण चौदा रुपये. चौदा रुपयांत मुलाला काय मिळतं? मध्येच सोडून न जाणारा माणूस. ज्या मुलाने एकदा सगळी माणसं गमावली आहेत, त्याच्या आयुष्यात दर सहा महिन्यांनी नवी मावशी, नवे काका येणं हे नुसतं गैरसोयीचं नाही, ते त्या मुलाला पुन्हा पुन्हा दुखावणं आहे. परवडतं की नाही हे ठरवताना हा खर्चही मांडायला हवा.

सरकारने ठरवलं की आकडे हलतात. शिक्षणसेवकांचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी ६,००० वरून १६,००० झालं, माध्यमिकसाठी ८,००० वरून १८,०००. अनेक वर्षं अशक्य म्हटली गेलेली वाढ एका शासन निर्णयाने झाली.

एकदा वाढवलं की प्रश्न मिटतो का?

नाही. मानधनाचा दोष आकड्याइतकाच तो गोठून राहण्यात आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. त्यासाठी कोणाला स्टेडियमवर बसावं लागत नाही, कारण तो ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. मानधनाच्या शासन निर्णयात हीच ओळ घालता येईल: दर अमुक निर्देशांकाप्रमाणे वाढेल, मालकाच्या हिश्शाचा भविष्य निर्वाह निधी वेगळा दिला जाईल, आणि मुलांची संख्या घटली तरी मंजूर पदांचा मोबदला वर्षभर कमी होणार नाही. याला नवा कायदा लागत नाही. लागते ती संबंधित विभागाची टिप्पणी आणि वित्त विभागाची मंजुरी.